वेदनायगम सॅम्युएल अझरिया

वेदनायगम सॅम्युएल अझरिया (१७ ऑगस्ट १८७४ – १ जानेवारी १९४५) हे अँग्लिकन पंथाचे पहिले भारतीय बिशप होते. निजामाच्या हैदराबाद संस्थानातील दोर्नकल या धर्मप्रांताचे ते १९१२ पासून मृत्यूपर्यंत प्रमुख होते. ख्रिस्ती सेवाकार्य परदेशी मिशनऱ्यांच्या पैशावर आणि देखरेखीखाली न चालता स्थानिक माणसांनी, स्थानिक साधनांनी आणि स्थानिक भाषेत चालवले पाहिजे, हा विचार त्यांनी आयुष्यभर मांडला व दोर्नकलमध्ये प्रत्यक्षात आणला. भारतीय मिशनरी संस्थेच्या (१९०३) आणि राष्ट्रीय मिशनरी संस्थेच्या (१९०५) स्थापनेत त्यांचा प्रमुख वाटा होता. त्यांच्या मृत्यूनंतर १९४७ मध्ये अस्तित्वात आलेल्या दक्षिण भारतीय चर्चच्या प्रवर्तकांत त्यांची गणना होते.

पूर्वायुष्य व शिक्षण

अझरिया यांचा जन्म मद्रास इलाख्यातील तिरुनेलवेली जिल्ह्यात वेल्लालनविलै या खेड्यात झाला. हे गाव आता तमिळनाडूच्या तूतुकुडी जिल्ह्यात आहे. त्यांचे घराणे नाडर समाजातील होते. ताडाच्या झाडांवर उपजीविका करणाऱ्या या समाजाला त्या काळी उच्चवर्णीयांकडून कमी लेखले जाई. एकोणिसाव्या शतकात नाडरांतील अनेक कुटुंबांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. वडील थॉमस वेदनायगम हे चर्च मिशनरी सोसायटीच्या शाळेत शिकत असताना ख्रिस्ती झाले व पुढे गावाचे अँग्लिकन धर्मगुरू बनले. मुलीच्या जन्मानंतर अनेक वर्षांनी झालेल्या या मुलाचे नाव आई एलन यांनी बायबलमधील कथेला अनुसरून सॅम्युएल असे ठेवले.

वडिलांचे १८८९ मध्ये निधन झाले. मेग्नानपुरम व तिरुनेलवेली येथील मिशनच्या शाळांत शिकल्यानंतर अझरिया मद्रास ख्रिश्चन कॉलेजात दाखल झाले. अंतिम परीक्षेच्या वेळी आजारी पडल्यामुळे त्यांना पदवी मिळाली नाही व पुढेही त्यांनी ती घेतली नाही.

१८९८ मध्ये त्यांचा विवाह अन्बू मरियम्माल सॅम्युएल यांच्याशी झाला. अन्बू या महाविद्यालयीन शिक्षण घेतलेल्या दक्षिण भारतातील सुरुवातीच्या ख्रिस्ती स्त्रियांपैकी होत्या. समाजातील प्रथा बाजूला सारून हा विवाह हुंडा न घेता व अल्प खर्चात करण्यात आला. पुढे दोर्नकलमध्ये स्त्रियांच्या शिक्षणाची व संघटनेची जबाबदारी मुख्यतः अन्बू यांनी सांभाळली.

देशी मिशन संस्थांची स्थापना

१८९५ पासून अझरिया यंग मेन्स ख्रिश्चन असोसिएशनचे (वायएमसीए) सचिव म्हणून दक्षिण भारतात हिंडत होते. अमेरिकन सहकारी शेरवुड एडी यांच्याशी या काळात त्यांची घनिष्ठ मैत्री झाली. १९०२ मध्ये ते सिलोनमधील (श्रीलंका) जाफना येथे गेले. तेथील तमिळ ख्रिस्ती स्वतः वर्गणी गोळा करून आपल्यातील माणसे दूरच्या भागात सेवाकार्यासाठी पाठवत होते. तिरुनेलवेलीची मंडळी संख्येने मोठी आणि जुनी होती, पण असे काम तिने हाती घेतले नव्हते. या तुलनेने अझरिया अस्वस्थ झाले.

परतल्यावर फेब्रुवारी १९०३ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसह पालयंकोट्टै येथे तिरुनेलवेलीची भारतीय मिशनरी संस्था स्थापन केली. माणसे भारतीय, पैसा भारतीय आणि कारभारही भारतीय, असे या संस्थेचे सूत्र होते. कार्यक्षेत्र म्हणून निजामाच्या राज्यातील तेलुगूभाषक प्रदेश निवडण्यात आला. तिरुनेलवेलीहून जाणाऱ्या तमिळ कार्यकर्त्याला तेथील भाषा, अन्न आणि हवामान परकेच होते.

पुढचे पाऊल अखिल भारतीय होते. २५ डिसेंबर १९०५ रोजी बंगालमधील सेरामपूर येथे निरनिराळ्या प्रांतांतील व पंथांतील भारतीय ख्रिस्ती एकत्र आले आणि त्यांनी राष्ट्रीय मिशनरी संस्था स्थापन केली. बंगालच्या फाळणीनंतर स्वदेशी चळवळीने जोर धरलेला तो काळ होता. अझरिया या संस्थेचे पहिले सरचिटणीस झाले.

दोर्नकलमध्ये आगमन

इतरांना खेड्यांत पाठवणाऱ्याने स्वतः शहरात राहावे हे त्यांना पटेना. १९०९ मध्ये त्यांनी धर्मगुरुपदाची दीक्षा घेतली व वायएमसीएचे काम सोडून ते भारतीय मिशनरी संस्थेच्या कार्यक्षेत्रात, दोर्नकल येथे राहायला गेले. दोर्नकल हे तेव्हा रेल्वेचे एक जंक्शन व भोवतालची विरळ वस्ती एवढेच होते. पस्तिशीत असलेल्या अझरिया यांनी तेथे तेलुगू शिकण्यास सुरुवात केली. हे गाव आता तेलंगणातील महबूबाबाद जिल्ह्यात येते.

एडिनबरो परिषद, १९१०

जून १९१० मध्ये स्कॉटलंडमधील एडिनबरो येथे जागतिक मिशनरी परिषद भरली. सुमारे १,२०० प्रतिनिधींपैकी आशियाई प्रतिनिधी वीसहून कमी होते. परदेशी मिशनरी व देशी कार्यकर्ते यांच्यातील सहकार्य हा विषय अझरिया यांच्याकडे होता. मिशनरी भारतीयांसाठी त्याग करतात, संपत्ती व प्राणही देतात. पण ते त्यांना आपल्या घरी बरोबरीने वागवत नाहीत आणि त्यांचा संबंध मालक व नोकर यांच्यासारखा राहतो, असे त्यांनी सौम्य शब्दांत पण स्पष्टपणे सांगितले. दानापेक्षा मैत्रीची गरज अधिक आहे, हे त्यांच्या भाषणाचे सार होते. काही श्रोत्यांना ते अप्रस्तुत व कृतघ्नपणाचे वाटले. पुढील काळात मात्र या परिषदेतील सर्वाधिक आठवले जाणारे भाषण हेच ठरले.

बिशपपदी नियुक्ती

मद्रासचे बिशप हेन्री व्हाइटहेड हे तत्त्वज्ञ आल्फ्रेड नॉर्थ व्हाइटहेड यांचे बंधू होते. भारतीय व्यक्तीला बिशप करावे, यासाठी त्यांनी अनेक वर्षे प्रयत्न केले. याला दोन प्रकारची अडचण होती. पहिली कायद्याची होती. ब्रिटिश भारतातील अँग्लिकन चर्च सरकारशी जोडलेले असल्याने तेथील धर्मप्रांतावर भारतीयाची नेमणूक करणे गुंतागुंतीचे होते. निजामाच्या राज्यात नवा धर्मप्रांत निर्माण करून यातून मार्ग काढण्यात आला. दुसरी अडचण मानसिक होती. भारतीयाच्या हाताखाली काम करणे अनेक युरोपीय मिशनऱ्यांना मान्य नव्हते, तर काही भारतीय ख्रिस्ती लोकांनी अझरिया यांच्या जातीमुळे त्यांना विरोध केला.

२९ डिसेंबर १९१२ रोजी कलकत्त्याच्या सेंट पॉल्स कॅथेड्रलमध्ये अझरिया यांचा बिशप म्हणून अभिषेक झाला. सुरुवातीला त्यांचा धर्मप्रांत लहान होता आणि त्यांच्या हाताखालील धर्मगुरू बोटांवर मोजण्याइतके होते. १९२० च्या सुमारास कृष्णा व गोदावरी खोऱ्यांतील चर्च मिशनरी सोसायटीचे क्षेत्र त्यास जोडण्यात आले व युरोपीय मिशनरीही त्यांच्या अधिकाराखाली आले. १९२० मध्ये केंब्रिज विद्यापीठाने त्यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली. भारतातील अँग्लिकन चर्च १९३० मध्ये सरकारपासून कायद्याने वेगळे झाले, तरी अझरिया यांच्या हयातीत दुसऱ्या भारतीयाकडे स्वतंत्र धर्मप्रांत सोपवला गेला नाही.

दोर्नकलमधील कार्य

दोर्नकलच्या मंडळीत बहुसंख्य लोक माला व मादिगा या, अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींतील होते. बहुतेक भूमिहीन शेतमजूर व चर्मकाम करणारे होते. वेठबिगारी, कर्ज आणि दारू यांनी त्यांचे जीवन ग्रासले होते. धर्मांतर सहसा एकेकट्याचे न होता संपूर्ण कुटुंबांचे किंवा वस्तीचे होई. त्यामुळे बाप्तिस्म्यापूर्वी व नंतर दीर्घकाळ शिकवण देण्याची व्यवस्था आवश्यक होती.

या व्यवस्थेचा कणा ग्रामशिक्षक होता. तो आपल्या कुटुंबासह गावकुसाबाहेरील वस्तीत राही, मुलांना अक्षरओळख करून देई, मजूर कामावरून परतल्यावर रात्री प्रार्थना घेई आणि तंटे व आजारपणात वस्तीच्या मदतीला जाई. पत्नीही स्त्रियांना शिकवीत असे. अशा शिक्षकांतून निवडलेल्यांना पुढे दोर्नकल येथे धर्मशिक्षण देऊन धर्मगुरू केले जाई. १९३५ च्या सुमारास धर्मप्रांतात सुमारे २५० भारतीय धर्मगुरू व २,००० हून अधिक ग्रामशिक्षक होते. दवाखाने, सहकारी संस्था आणि छापखानेही चालवले जात. १९४० च्या आसपास धर्मप्रांतातील ख्रिस्ती लोकांची संख्या दोन लाखांच्या पुढे गेली होती.

नवख्रिस्ती व्यक्तीने दुसऱ्याला आपला विश्वास सांगितला पाहिजे, यावर अझरिया यांचा भर होता. बाप्तिस्मा घेणाऱ्याला ते स्वतःचा हात डोक्यावर ठेवून सुवार्ता सांगण्याची प्रतिज्ञा करायला लावीत. तितकाच आग्रह स्वावलंबनाचा होता. गरिबातल्या गरिबानेही मंडळीसाठी काही द्यावे, असे ते मानत. रोख पैसा नसलेले लोक सुगीच्या सणाला धान्य, भाजीपाला, कोंबड्या आणत. घेणाऱ्याच्या भूमिकेतून देणाऱ्याच्या भूमिकेत आल्याने माणसाचा स्वाभिमान जागा होतो, अशी यामागील धारणा होती. ख्रिस्ती दानधर्मावर त्यांनी पुस्तकही लिहिले.

दारूबंदी, बालविवाहास विरोध आणि स्वच्छता हे त्यांच्या ग्रामदौऱ्यांतील नेहमीचे विषय होते. माला व मादिगा यांच्यात परस्पर स्पृश्यास्पृश्य भेद होता. दोघांनी एकाच वेदीपुढे प्रभुभोजन घ्यावे यासाठी ते झटले. मात्र विवाहसंबंध व दैनंदिन व्यवहारातील जातिभेद पूर्णपणे नाहीसा झाला नाही. उपासनेत तेलुगू चालींच्या गीतांना त्यांनी उत्तेजन दिले, पण प्रार्थनाविधीचा मूळ साचा अँग्लिकन ठेवला.

दोर्नकलचे एपिफनी कॅथेड्रल त्यांच्या दृष्टीचे दृश्य प्रतीक मानले जाते. घुमट व मिनार यांना दक्षिण भारतीय मंदिरशैलीच्या स्तंभांची जोड देणारी ही वास्तू निधीअभावी अनेक वर्षे रखडली. ६ जानेवारी १९३९ रोजी तिचे समर्पण झाले.

धर्मांतराचा वाद

१९३२ च्या जातीय निवाड्याने भारतीय ख्रिस्ती समाजाला स्वतंत्र मतदारसंघ दिले, तेव्हा अझरिया यांनी त्यास विरोध केला. मंडळी हा राजकीय गट बनला तर धर्मांतराकडे मतांची बेरीज म्हणून पाहिले जाईल, अशी त्यांना भीती होती.

१३ ऑक्टोबर १९३५ रोजी नाशिक जिल्ह्यातील येवला येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी आपण हिंदू म्हणून मरणार नाही, अशी घोषणा केली. त्यानंतर दलितांच्या धर्मांतराचा प्रश्न देशभर पेटला. महात्मा गांधी यांनी हरिजन साप्ताहिकातून मिशनरींच्या सामूहिक धर्मांतरांवर कठोर टीका केली. गरिबीचा व अज्ञानाचा फायदा घेऊन धर्म बदलवणे त्यांना अमान्य होते. दोर्नकल हे अशा धर्मांतराचे मोठे केंद्र असल्याने हा वाद अझरिया यांच्यापर्यंत आला. खादी, स्वदेशी व दारूबंदी या बाबतींत त्यांना गांधींविषयी आदर होता. परंतु दलितांना धर्माबाबत निर्णय घेण्याची क्षमता नाही असे समजणे हा त्यांचाच अपमान आहे आणि श्रद्धा बदलण्याचे स्वातंत्र्य त्यांनाही असले पाहिजे, अशी त्यांची भूमिका होती. दोघांत या प्रश्नावर अखेरपर्यंत एकमत झाले नाही. धर्मांतरितांना जमीनदार व सवर्णांच्या बहिष्काराला तोंड द्यावे लागे, हे अझरिया दाखवून देत. तर शाळा व संरक्षण यांचे आकर्षण हेही धर्मांतराचे एक कारण होते, असे टीकाकार म्हणत.

चर्च ऐक्याचे प्रयत्न

अँग्लिकन, मेथडिस्ट, प्रेस्बिटेरियन हे भेद युरोपच्या इतिहासातून आले असून भारतीय खेड्यात त्यांना अर्थ नाही, असे अझरिया यांचे मत होते. १९१९ मध्ये तरंगमबाडी (ट्रँकेबार) येथे झालेल्या बैठकीत प्रामुख्याने भारतीय धर्मगुरूंनी ऐक्याचे निवेदन काढले. त्यात ते अग्रभागी होते. १९२७ च्या लोझान परिषदेत त्यांनी सांगितले की, पश्चिमेत फूट ही केवळ दुबळेपणाची बाब असेल, पण भारतासारख्या देशात ती पाप ठरते. बिशपपदाचे स्थान व जुन्या दीक्षांची मान्यता या प्रश्नांवर वाटाघाटी पंचवीस वर्षांहून अधिक काळ चालल्या. १९२९ पासून अनेक वर्षे ते भारताच्या राष्ट्रीय ख्रिस्ती परिषदेचे अध्यक्षही होते.

मृत्यू व वारसा

१ जानेवारी १९४५ रोजी दोर्नकल येथे अझरिया यांचे निधन झाले. कॅथेड्रलच्या आवारातच त्यांचे दफन करण्यात आले. २७ सप्टेंबर १९४७ रोजी मद्रासच्या सेंट जॉर्जेस कॅथेड्रलमध्ये दक्षिण भारतीय चर्चची स्थापना झाली. बिशपची परंपरा असलेले अँग्लिकन आणि ती नसलेले इतर पंथ प्रथमच तेथे एका संघटनेत आले. दोर्नकल हा आज याच चर्चचा एक धर्मप्रांत आहे.

त्यांच्या कार्याच्या मूल्यमापनात दोन प्रवाह दिसतात. काही अभ्यासक त्यांना साम्राज्याच्या चौकटीत राहून भारतीय नेतृत्वाची क्षमता सिद्ध करणारे धर्मनेते मानतात. राष्ट्रवादी दृष्टिकोनातून मात्र त्यांच्या धर्मप्रसारावर आक्षेप घेतला जातो. इंग्लंडच्या चर्चच्या धार्मिक दिनदर्शिकेत २ जानेवारी हा त्यांचा स्मृतिदिन आहे.