विश्लेषण : इंग्लंडचा कृष्णवर्णीय फुटबॉलपटू वॉल्टर टल आजही चर्चेत का?

वॉल्टर टलचा जन्म १८८८ मध्ये इंग्लंडमधील फोकस्टनचा. वडील बार्बाडोसहून आलेले कृष्णवर्णीय सुतार, आई इंग्रज. तो दहा वर्षांचा होण्याआधीच दोघेही गेले आणि टल लंडनच्या अनाथाश्रमात वाढला.

१९०९ मध्ये टॉटनहॅम क्लबने त्याला करारबद्ध केले. त्याच वर्षी ब्रिस्टलमधील सामन्यात प्रेक्षकांच्या एका गटाने त्याला वर्णावरून अत्यंत गलिच्छ शिवीगाळ केली. टल शांतपणे खेळत राहिला. सामन्याच्या वार्ताहराने प्रेक्षकांना झोडपले आणि टलच्या खेळाची वाखाणणी केली. पण पुढे मुख्य संघातली जागा गेली ती टलचीच! १९११ मध्ये हर्बर्ट चॅपमन यांनी त्याला नॉर्दम्प्टनला आणले. तिथे तो शंभरहून अधिक सामने खेळला.

पहिले महायुद्ध पेटताच तो फुटबॉलपटूंच्या पलटणीत भरती झाला. युरोपीय वंशाच्या नसलेल्यांना अधिकारी करू नये, असा ब्रिटिश लष्कराचा तेव्हा नियम होता. तरीही वरिष्ठांच्या शिफारशीवरून मे १९१७ मध्ये टल सेकंड लेफ्टनंट झाला. गोरे सैनिक आता त्याचा हुकूम पाळत होते.

२५ मार्च १९१८ रोजी फ्रान्समध्ये तो गोळी लागून पडला. त्याला मागे आणण्यासाठी सैनिकांनी भर गोळीबारात धडपड केली, पण मृतदेह कधीच मिळाला नाही. मिलिटरी क्रॉससाठी त्याची शिफारस झाल्याचे एका सहकारी अधिकाऱ्याने त्याच्या भावाला पत्राने कळवले होते. ते पदक टलला मिळाले नाही. मरणोत्तर तरी ते द्यावे, यासाठी ब्रिटनमध्ये मोहिमा झाल्या आहेत.