नील्स बोर: पाण्याच्या थेंबापासून अणुकेंद्रापर्यंत

मेसेज आला की तुमचा फोन थरथरतो, कारण आत एक छोटी मोटर असते. अणूचं केंद्रही असं थरथरतं, पण तिथे मोटर नाही. तिथले प्रोटॉन आणि न्यूट्रॉन सगळे मिळून एका लयीत हलतात. हे समजून घ्यायला नील्स बोर यांची गोष्ट वाचायला हवी.

बोर यांचा जन्म १८८५ मध्ये कोपनहेगनला झाला. विद्यार्थी असताना त्यांनी वडिलांच्या प्रयोगशाळेत पाण्याची बारीक धार सोडली आणि तिच्या कंपनांवरून पाण्याचा पृष्ठताण मोजला. त्यासाठी १९०७ मध्ये त्यांना सुवर्णपदक मिळालं. पुढे अणूच्या रचनेसाठी १९२२ चं नोबेलही मिळालं.

मग तीस वर्षांनी तोच पृष्ठताण परत आला! जॉर्ज गॅमो यांनी अणुकेंद्राला द्रवाच्या थेंबाची उपमा दिली होती. १९३७ मध्ये बोर आणि फ्रिट्झ काल्कार यांनी या थेंबाच्या कंपनांचा विचार मांडला. थेंबाला पृष्ठताण गोल ठेवतो, तर प्रोटॉन एकमेकांना दूर ढकलतात. युरेनियममध्ये ही ओढाताण जवळजवळ बरोबरीची असते. न्यूट्रॉन आत शिरला की थेंब डुचमळतो, लांबट होतो, मध्ये बारीक होतो आणि तुटतो. हेच अणुविखंडन. १९३९ मध्ये बोर आणि जॉन व्हीलर यांनी त्याचं सविस्तर गणित केलं.

हे गणित नुसतं कागदावर राहणार नव्हतं. नाझींच्या ताब्यातल्या डेन्मार्कमधून १९४३ मध्ये बोर यांना होडीतून स्वीडनला पळावं लागलं. त्यांची आई ज्यू घराण्यातली होती, त्यामुळे अटकेची भीती होती. नंतर ते मुलगा ओगे याच्यासह अमेरिकेत अणुबॉम्ब प्रकल्पावर पोहोचले. या शस्त्राची माहिती देशांनी एकमेकांपासून लपवली तर स्पर्धा पेटेल, हे त्यांनी रूझवेल्ट आणि चर्चिल यांना सांगून पाहिलं. ऐकलं गेलं नाही. १९५० मध्ये त्यांनी संयुक्त राष्ट्रांना खुलं पत्र लिहिलं.

दरम्यान, केंद्रातले कण आपापल्या कक्षेत फिरतात असं दाखवणारं दुसरं मॉडेल आलं होतं. मग थेंब खरा की कक्षा? दोन्ही, असं उत्तर ओगे यांनी बेन मॉटलसन यांच्यासोबत शोधलं. कक्षेतले कण थेंबाचा आकार बदलतात आणि थेंब सामूहिकरीत्या फिरतो, थरथरतो.

नील्स १९६२ मध्ये गेले. १९७५ मध्ये ओगे, मॉटलसन आणि जेम्स रेनवॉटर यांना नोबेल मिळालं. वडिलांच्या थेंबाचं गणित मुलाने पुढे नेलं होतं.