हाडांपासून नात्यांपर्यंत : इरावती कर्वे

अमरगोळ : हुबळी-धारवाडच्या मधल्या आपल्या अमरगोळात घरात कन्नड असो की मराठी, मामाच्या मुलीशी लग्न ही कुणालाच नवलाची गोष्ट नाही. या रोजच्या गोष्टीचं शास्त्र मांडलं डॉ. इरावती कर्वे यांनी.

जन्म १९०५ चा, ब्रह्मदेशातला. शिक्षण पुण्यात, मग बर्लिनला जाऊन मानवशास्त्रात डॉक्टरेट. १९३९ मध्ये त्या पुण्याच्या डेक्कन कॉलेजात रुजू झाल्या. तिथेच पुरातत्त्वाचे ह. धी. सांकलिया होते. गुजरातमधल्या लांघणजच्या उत्खननात अश्मयुगीन सांगाडे मिळाले, तेव्हा या दोघांनी मिळून काम केलं. दगडी हत्यारं हा सांकलियांचा विषय, हाडं बाईंचा. एकट्यादुकट्याचं ते काम नव्हतंच.

पुढेही बाईंनी हीच रीत ठेवली. गावोगाव फिरून माणसांची मापं घेतली, घरोघरची नाती लिहून घेतली, आणि संस्कृत ग्रंथांतले नात्यांचे शब्दही तपासले. भारतातल्या नातेव्यवस्थेवरचा त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९५३ मध्ये आला. मराठी ही उत्तरेच्या भाषाकुळातली, पण मामेबहिणीशी लग्नाची चाल दक्षिणेची, हे त्यात दिसतं. नुसता भाषेचा किंवा नुसता समाजाचा अभ्यास केला असता तर हे हाती लागलं नसतं. महाभारतावरच्या ‘युगान्त’ला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. १९७० मध्ये बाई गेल्या.

सीमाभागावर प्रबंध लिहायला बसलेल्या आपल्या मुलामुलींनी आधी शेजारच्या विभागाचं दार ठोठावावं. आपलं निम्मं उत्तर तिथे असतं.