अल्फाँस पेनो

कागदाचे विमान करून हवेत सोडले, म्हणजे ते कधी नाक वर करून उभे राहते व मागे कोसळते, तर कधी नाक खाली घालून जमिनीवर आदळते. मग आपण त्याची शेपटी किंचित वाकवितो, नाकाला थोडे वजन लावतो आणि ते पुन्हा सोडून पाहतो. हवेत जाणाऱ्या वस्तूने आपला तोल आपणच कसा सांभाळावा, हा प्रश्न एके काळी मोठमोठ्या विद्वानांनाही कोड्यात टाकीत असे. स्वतःच्या शक्तीने उडणाऱ्या एका चिमुकल्या विमानात तो प्रत्यक्ष सोडवून दाखविला एका आजारी तरुणाने. त्याचे नाव अल्फाँस पेनो.

अल्फाँसचा जन्म ३१ मे १८५० रोजी पॅरिस शहरी झाला. त्याचे वडील फ्रेंच आरमारात मोठ्या हुद्द्यावर होते. आपणही आरमारात जावे, अशी अल्फाँसची इच्छा होती. परंतु कमरेच्या सांध्याच्या दुखण्याने तो अधू झाला. कुबड्यांवाचून चालणेही त्याला कठीण होऊन बसले. समुद्राची वाट बंद झाली, तेव्हा त्याने आकाशाकडे दृष्टी वळविली.

उडत्या खेळण्यांना शक्ती देण्यासाठी पूर्वी वाकविलेली कमान वापरीत. पेनोने रबर निवडले. रबराला पीळ दिला, की त्यात शक्ती साठते आणि पीळ सुटू लागला, की ती शक्ती फिरत्या पंख्याला मिळते. १८७० मध्ये त्याने या युक्तीने सरळ वर उडणारे एक खेळणे तयार केले. ही युक्ती स्वस्त, हलकी आणि सोपी होती.

पुढच्याच वर्षी त्याने विमान केले. त्याची लांबी सुमारे ५० सेंटिमीटर होती आणि वजन अवघे १६ ग्रॅम! फिरता पंखा मागच्या टोकाला होता. परंतु खरी करामत पंखांत आणि शेपटीत होती. त्याने पंखांची टोके वर वळविली. त्यामुळे विमान एका बाजूस कलले, तरी पुन्हा सावरे. शेपटी त्याने अशी किंचित तिरपी बसविली, की उडताना हवा तिला खाली दाबी. विमानाचे नाक खाली गेले, की वेग वाढे. वेगाबरोबर शेपटीवरचा दाब वाढे आणि नाक आपोआप वर येई. नाक वर गेले, की वेग मंदावे. दाब कमी होई आणि नाक पुन्हा खाली येई. चालविणारा कोणी नसतानाही विमान सरळ राही, ते यामुळेच.

१८ ऑगस्ट १८७१ रोजी पॅरिसच्या त्विलरी बागेत काही जाणकार मंडळी जमली. तीनच महिन्यांपूर्वी यादवीच्या आगीत तेथील राजवाडा जळाला होता. त्या बागेत पेनोने आपले विमान सोडले. ते ११ सेकंद हवेत राहिले आणि सुमारे ४० मीटर अंतर गेले. पेनोचे वय त्या वेळी एकवीस वर्षांचे होते.

१८७६ मध्ये त्याने पॉल गोशो या सहकाऱ्याच्या मदतीने माणसे वाहून नेणाऱ्या विमानाचा आराखडा तयार केला. त्यात दोन पंखे होते, आत ओढून घेता येणारी चाके होती आणि चालविण्यासाठी एकच दांडा होता. ते पाण्यावरूनही उडावे, अशी योजना होती. परंतु एवढ्या कामासाठी पैसा मिळेना. अनेकांनी त्याची कल्पना हसण्यावारी नेली. दुखणे होतेच, त्यात निराशेची भर पडली. ऑक्टोबर १८८० मध्ये, अवघ्या तिसाव्या वर्षी, त्याच्या जीवनाचा दुःखद शेवट झाला. विमानाला तोल देणाऱ्या या माणसाला कठीण प्रसंगी कोणाचा भक्कम आधार मिळाला नाही, ही खेदाची गोष्ट होय.

आपले श्रम वाया गेले, असे त्याला वाटले असेल; पण ते वाया गेले नव्हते. १८७८ मध्ये दूर अमेरिकेत एका वडिलांनी आपल्या दोन मुलांसाठी एक खेळणे आणले. ते पेनोच्या पहिल्या खेळण्याच्या धर्तीवर, बुचाचे लाकूड, बांबू, कागद आणि रबर यांचे केलेले होते. ते मोडेपर्यंत मुले त्याच्याशी खेळली आणि नंतर स्वतः तशी खेळणी करू लागली. ती मुले म्हणजे विल्बर आणि ऑर्व्हिल राइट. १७ डिसेंबर १९०३ रोजी त्यांच्या विमानाने माणसाला घेऊन पहिले उड्डाण केले. ते १२ सेकंद टिकले आणि सुमारे ३७ मीटर अंतर गेले. पेनोच्या चिमुकल्या विमानाएवढेच!

आजही वाऱ्याची झुळूक नसलेल्या मोठ्या सभागृहांत हौशी मंडळी रबराच्या पिळावर विमाने उडवितात. जेमतेम दीड-दोन ग्रॅम वजनाची ही विमाने वीस मिनिटांहूनही अधिक काळ संथपणे घिरट्या घालतात. सोडण्यापूर्वी प्रत्येकजण शेपटी केसभर इकडे, केसभर तिकडे करून पुन्हा पुन्हा पारखून पाहतो. कुबड्या टेकीत चालणाऱ्या अल्फाँस पेनोनेही हेच केले होते.