नवसाने कर्ज फिटत नाही : संत गाडगेबाबा

गणरायापुढे हात जोडताना प्रत्येकाच्या मनात काही ना काही मागणे असतेच. कुणाला मुलीच्या लग्नाची चिंता, कुणाला घराच्या हप्त्याची, तर कुणाच्या घरी आजारपण. अशा वेळी नवस, गंडा, खड्याची अंगठी असे सोपे उपाय सांगणारेही लगेच भेटतात. म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने गाडगेबाबांची आठवण करावीशी वाटते.

डेबूजी झिंगराजी जाणोरकर यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे परीट कुटुंबात झाला. वडील दारूपायी लवकर गेले. आई सखुबाई लहानग्या डेबूला घेऊन दापुऱ्याला माहेरी आली. गुरे राखण्यात आणि शेतात राबण्यात बालपण सरले. पुढे मामाची जमीन सावकाराच्या घशात गेली. अक्षरओळख नसलेल्या माणसाला कागदावरचे कर्ज कसे बुडवते, हे डेबूजींनी घरातच पाहिले. मुलीच्या बारशाला दारू-मटणाची रीत मोडून त्यांनी गोडाचे जेवण घातले, तेव्हा भाऊबंद नाराज झाले.

१ फेब्रुवारी १९०५ रोजी त्यांनी घर सोडले. अंगावर चिंध्या, हातात खराटा आणि गाडगे. दिवसा गाव झाडायचे, रात्री कीर्तन करायचे. कीर्तनात ते श्रोत्यांनाच वऱ्हाडीत प्रश्न विचारीत आणि उत्तर त्यांच्याच तोंडून काढून घेत. बोकड कापून मूल होते का? कर्ज काढून लग्न केले, तर ते फेडायचे कुणी? भांडी मोडा, हातावर भाकरी खा, पण पोरांना शाळेत घाला, असा त्यांचा साधा हिशेब होता. देव सोडा असे मात्र ते म्हणत नसत. देवाच्या नावाने होणारी उधळपट्टी तेवढी सोडायला सांगत.

दुःखाच्या बाबतीतही तेच. १९२३ साली कोकणात खारेपाटणला कीर्तन चालू असताना मुलगा गोविंद गेल्याची बातमी आली. बाबांनी कीर्तन थांबवले नाही. दुसऱ्यांच्या दुःखावर मात्र त्यांनी अंगारा दिला नाही, आसरा दिला. मुंबईत जे. जे. रुग्णालयाजवळ रुग्णांच्या नातेवाइकांसाठी धर्मशाळा उभी केली. पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू येथेही धर्मशाळा बांधल्या, पण स्वतः त्यांत राहिले नाहीत. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९५४ साली कऱ्हाडच्या महाविद्यालयाला त्यांचे नाव दिले. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीजवळ प्रवासातच बाबांनी देह ठेवला.

आम्ही रेल्वेची माणसे. रुळाला तडा गेला तर नारळ फोडून गाडी सोडत नाही. आधी तडा शोधतो, रूळ बदलतो, मगच सिग्नल देतो. घरच्या अडचणीतही हेच करावे. बाप्पाची आरती मनापासून म्हणावी, आणि घरी गेल्यावर वही उघडून जमाखर्च मांडावा. शेजारी कुणी आजारी असेल, तर उपाय सांगण्याआधी त्याच्या घरी जेवणाचा डबा पोहोचवावा. गाडगेबाबांना हीच पूजा आवडली असती.

गणपती बाप्पा मोरया!