जोतीरावांचे शाळासोबती

शाळेतील मैत्री ही केवळ आठवणीत जपण्याची गोष्ट आहे, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. नोकरी लागली, बदली झाली, संसार वाढला की बाकावरचे सोबती मागे पडतात आणि त्याची फारशी खंतही कोणाला वाटत नाही. परंतु महाराष्ट्रातील एका थोर सामाजिक कार्याला शाळासोबत्यांचाच पहिला आधार मिळाला होता, हे महात्मा जोतीराव फुले यांचे चरित्र पाहिले म्हणजे ध्यानात येते.

१८२७ साली जन्मलेल्या जोतीरावांचे मातृछत्र बालपणीच हरपले. पंतोजींच्या शाळेत घातलेल्या या मुलाला वडील गोविंदराव यांनी लोकांच्या सांगण्यावरून काढून घेतले व मळ्यातील कामाला लावले. गफार बेग मुन्शी आणि लिजिटसाहेब या शेजाऱ्यांनी वडिलांची समजूत घातली, म्हणून १८४१ मध्ये तो पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत दाखल झाला. वय चौदा, लग्न झालेले, शिक्षणात खंड पडलेला. तेथल्या दिवसांत सदाशिव बल्लाळ गोवंडे, मोरो विठ्ठल वाळवेकर आणि सखाराम यशवंत परांजपे यांच्याशी त्याचा स्नेह जुळला. ते ब्राह्मण, हा माळी. बाहेरच्या समाजाने जी अंतरे आखली होती, ती त्या वर्गात पुसट झाली.

बाहेर मात्र ती कायम होती. १८४८ मध्ये एका ब्राह्मण मित्राच्या लग्नाच्या वरातीत चालत असता जोतीरावांचा जातीवरून अपमान झाला. या प्रसंगाने त्यांच्या मनात अन्यायाची चीड पेटली, हे सर्वश्रुत आहे. त्या अपमानानंतरही शाळासोबत्यांशी त्यांचा स्नेह तुटला नाही, याकडे मात्र आपले फारसे लक्ष जात नाही. गोवंडे त्या वेळी अहमदनगरला नोकरीत होते. तेथे मित्राकडे गेले असता जोतीरावांनी मिस फॅरार यांची मुलींची शाळा पाहिली आणि त्याच वर्षी पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा सुरू झाली. सावित्रीबाईंना प्रारंभीचे धडे जोतीरावांनी दिले. त्यांच्या पुढील शिक्षणाचा भार परांजपे व केशव शिवराम भवाळकर या स्नेह्यांनी उचलला. लोकांच्या दडपणामुळे वडिलांनी या दांपत्याला घराबाहेर काढले, तेव्हाही मित्र दुरावले नाहीत. पुढे अस्पृश्य मानल्या गेलेल्यांच्या मुलांसाठी शाळा निघाल्या, त्यांच्या व्यवस्थापनातही गोवंडे, वाळवेकर आणि परांजपे यांचा हातभार होता. १८५२ मध्ये विश्रामबागवाड्यात सरकारने जोतीरावांचा सत्कार केला. त्या गौरवात या सोबत्यांच्या कष्टांचाही वाटा होता, असे म्हटल्यास वावगे होणार नाही.

१८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध झाली आणि सत्यशोधक समाज स्थापन झाला. जोतीरावांची लेखणी पुरोहितशाहीवर अतिशय कठोरपणे चालली. तथापि गोवंड्यांशी त्यांचा स्नेह अखेरपर्यंत टिकला. २८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीरावांची जीवनयात्रा संपली. व्यवस्थेशी झुंजणारा माणूस त्या व्यवस्थेत जन्मलेल्या मित्राला शत्रू मानीत नाही, हा विवेक त्यांना केवळ ग्रंथांनी दिला नसावा. चौदाव्या वर्षी जडलेल्या मैत्रीचाही त्यात भाग असला पाहिजे.

या चरित्राचा बोध चामोर्शीसारख्या गावाला विशेष लागू पडतो. वैनगंगेच्या या परिसरात मराठी, गोंडी, तेलुगू आणि बंगाली बोलणाऱ्या घरांतून मुले शिकण्यास येतात. ती एका बाकावर बसली तरच एकमेकांना ओळखणार. परंतु ऐपतीप्रमाणे शाळा निराळ्या, जमातीप्रमाणे वसतिगृहे निराळी आणि वर्गातही आपापल्या गावचा घोळका निराळा, असे झाले तर मैत्री व्हावी कोठून? वसतिगृहांची सोय गरजेची आहे, यात शंका नाही. मात्र वर्गातील बैठक शिक्षकांच्या हाती असते. कोणाशेजारी कोणाला बसवावे, हा वरवर क्षुल्लक वाटणारा निर्णय आहे. पण मिशनच्या शाळेत गोवंडे आणि फुले वेगवेगळे बसविले गेले असते तर महाराष्ट्राचे किती नुकसान झाले असते, याचा विचार प्रत्येक शिक्षकाने वर्षारंभी एकदा अवश्य करावा.