डॉ. पंजाबराव देशमुख : शाळेसाठी कर वाढवणारा अध्यक्ष



पावसाळा लागला की आपल्या सौंदड परिसरात रोवणीची घाई सुरू होते. शाळा व्यवस्थापन समिती निवडायची पालकसभा नेमकी त्याच दिवसांत आली, की पंचाईत होते. दिवसाची रोजी बुडवून सभेला कोण येणार? जे येतात ते मागच्या रांगेत बसतात. अध्यक्षपदासाठी कोण तयार आहे असं विचारलं की सगळे एकमेकांकडे पाहतात. एखादी आई काही बोलायला जाते आणि पदर सावरून परत खाली बसते. शेवटी जो गप्प राहिला त्याचं नाव लिहून घेतलं जातं. हा अनुभव बहुतेक शिक्षकांना असेल.

अशा वेळी मला आपल्या विदर्भातल्या एका माणसाची आठवण होते. ऑक्सफर्डहून डॉक्टरेट घेऊन आलेला हा माणूस जिल्ह्याच्या शाळा, विहिरी आणि रस्ते सांभाळणाऱ्या खुर्चीवर आपणहून बसला होता. ते म्हणजे डॉ. पंजाबराव देशमुख, अर्थात भाऊसाहेब. शिक्षणमहर्षी आणि कृषिमंत्री म्हणून त्यांना सगळे ओळखतात. मुलांना त्यांची जयंती २७ डिसेंबर एवढी पाठ असते. पण जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष म्हणून त्यांनी काय केलं, हे आपण फारसं सांगत नाही. आज तेच सांगायचं आहे.

तिसरीपर्यंतची शाळा

पंजाबरावांचा जन्म २७ डिसेंबर १८९८ रोजी अमरावती जिल्ह्यातल्या पापळ या गावी झाला. वडील शामराव, आई राधाबाई. घर शेतकऱ्याचं. गावात शाळा होती, पण ती तिसरीपर्यंतच. पुढे शिकायचं तर गाव सोडणं भाग होतं. म्हणून पंजाबराव आधी चांदूर रेल्वे, मग कारंजा आणि मग अमरावतीचं हिंदू हायस्कूल असे गावोगाव शिकत गेले. पुढे पुण्याचं फर्ग्युसन कॉलेज झालं आणि १९२० मध्ये ते विलायतेला गेले.

ज्याच्या घरात थोडी ऐपत होती तो मुलगा तिसरीनंतर दुसऱ्या गावी जाऊ शकला. ज्याच्या घरात ती नव्हती त्याचं शिक्षण तिसरीतच संपलं. पापळच्या त्या वर्गात पंजाबरावांच्या शेजारी बसलेल्या मुलांचं पुढे काय झालं असेल? आपल्या वर्गाकडे पाहत हा प्रश्न प्रत्येक शिक्षकाने एकदा स्वतःला विचारावा.

विलायतेत त्यांनी एडिंबरा विद्यापीठात शिक्षण घेतलं, संस्कृतचा अभ्यास केला, वैदिक वाङ्मयातील धर्माचा उगम आणि विकास या विषयावर संशोधन करून ऑक्सफर्डची डॉक्टरेट मिळवली आणि बॅरिस्टरही झाले. ज्या स्कॉटलंडात ते शिकले तिथे १८७२ च्या कायद्यापासून ठिकठिकाणी लोकांनी निवडून दिलेली शाळा मंडळं होती. शाळा कुठे बांधायची, शिक्षक कोण नेमायचा, त्यासाठी स्थानिक कर किती बसवायचा हे ती मंडळं ठरवत. पुढे १९१८ मध्ये त्यांच्या जागी मोठ्या क्षेत्रासाठी निवडून आलेली शिक्षण मंडळं आली. म्हणजे पंजाबराव तिथे शिकत होते तेव्हा शाळांचा कारभार लोकांच्या मतावर चालत होता.

खुर्ची कोणती निवडली?

१९२६ मध्ये ते परत आले आणि अमरावतीत वकिली करू लागले. बॅरिस्टर माणूस, त्यातून ऑक्सफर्डचा डॉक्टर. नुसती वकिली केली असती तरी बंगला, गाडी सगळं झालं असतं. पण थोड्याच काळात त्यांनी अमरावतीत श्रद्धानंद छात्रालय सुरू केलं. खेड्यातून आलेल्या सर्व जातींच्या मुलांना एकत्र राहून शिकता यावं हा त्यामागचा हेतू होता. १९२७ मध्ये त्यांनी विमलाबाईंशी आंतरजातीय विवाह केला. हे लग्न त्या काळात सोपं नव्हतं. विमलाबाई पुढे राज्यसभेच्या सदस्यही झाल्या. अंबादेवीच्या मंदिरात अस्पृश्यांना प्रवेश मिळावा म्हणून झालेल्या चळवळीतही पंजाबराव पुढे होते.

आणि १९२८ मध्ये ते अमरावती जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष झाले.

जिल्हा कौन्सिल म्हणजे आजच्या जिल्हा परिषदेची आजीच म्हणा. गावच्या प्राथमिक शाळा, रस्ते, विहिरी, दवाखाने, कोंडवाडे ही तिची कामं. त्या खुर्चीला दिल्लीचा थाट नव्हता. तिथे हिशेब, अर्ज, तक्रारी आणि सदा अपुरा पडणारा पैसा होता. पण पापळची शाळा तिसरीला थांबते की पुढे जाते, हे ठरवणारी खुर्ची तीच होती.

खरी परीक्षा पैशाची

१९२० च्या कायद्याने मध्य प्रांत आणि वऱ्हाडातल्या स्थानिक संस्थांना आपल्या हद्दीत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करण्याचा अधिकार मिळाला होता. पण कागदावर अधिकार असणं वेगळं आणि तो वापरणं वेगळं. सक्ती करायची तर खोल्या हव्यात, शिक्षक हवेत, त्यांचे पगार हवेत. पैसा आणायचा कुठून? उत्तर एकच होतं, कर वाढवायचा.

इथे खरी अडचण लक्षात घ्या. त्या काळात सगळ्यांना मत नव्हतं. ठरावीक सारा किंवा कर भरणारे, मालमत्ता असलेले अशा मोजक्या लोकांनाच मताचा हक्क होता. म्हणजे कर वाढला तर तो पडणार मतदारावर, आणि नव्या शाळेचा सगळ्यात जास्त फायदा होणार तो मत नसलेल्या मजुराच्या पोराला. ज्याला मतांची काळजी असेल त्याने असा विषय काढलाच नसता. शिवाय सक्ती म्हटली की गरीब आईबापही नाराज. गुरं राखणारा, धाकट्या भावंडाला सांभाळणारा हात घरातून जातो. तो प्रश्न आजही संपलेला नाही. रोवणी आणि कापणीच्या दिवसांतला आपला हजेरीपट उघडून पाहा.

तरीही पंजाबरावांनी शिक्षणासाठी करवाढ केली आणि सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा आग्रह धरला. त्याच कारकिर्दीत जिल्ह्यातल्या सार्वजनिक विहिरी अस्पृश्यांसाठी खुल्या करण्यात आल्या. विहिरीचा आणि शाळेचा काय संबंध, असं एखाद्याला वाटेल. पण ज्या मुलाला गावच्या विहिरीवर पाणी मिळत नाही, त्याला शाळेत या म्हणून सांगणारी सक्ती अर्धवटच राहणार. शाळा सगळ्यांची करायची तर विहीरही सगळ्यांची करावी लागते.

ही मागणी काही आकाशातून पडली नव्हती. महात्मा फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे प्राथमिक शिक्षण सक्तीचं करण्याची मागणी मांडली होती. शेतकऱ्याच्या साऱ्यातून आलेला पैसा वरच्या वर्गांच्या शिक्षणावर खर्च होतो, हेही त्यांनी दाखवून दिलं होतं. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये कोल्हापूर संस्थानात सक्तीचं आणि मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केलं. फरक एवढाच, की शाहू महाराज राजे होते, त्यांच्या हाती हुकूम होता. पंजाबरावांकडे हुकूम नव्हता. त्यांना सभासदांना पटवून, बहुमत मिळवून, लोकांची नाराजी अंगावर घेऊन काम करायचं होतं. आज आपल्याही हाती हुकूम नाही. म्हणून त्यांचा हा काळ मला आपल्याला जास्त जवळचा वाटतो.

पुढचा प्रवास

जिल्ह्याच्या कामातून त्यांची ओळख वाढली. १९३० मध्ये ते प्रांताच्या कायदेमंडळावर निवडून गेले आणि मंत्री झाले. शिक्षण, शेती, सहकार अशी खाती त्यांच्याकडे होती. देवस्थानांची संपत्ती शिक्षणासारख्या लोकहिताच्या कामी यावी म्हणून १९३२ मध्ये त्यांनी विधेयक आणलं. पुढे १९३३ मध्ये मंत्रिपद सोडलं.

१९३२ मध्येच अमरावतीत श्री शिवाजी शिक्षण संस्था उभी राहिली. सरकारी पद आज आहे, उद्या नाही, पण संस्था टिकते. आज या संस्थेच्या शाळा आणि महाविद्यालयं विदर्भभर आहेत. शेतकऱ्यांची कितीतरी मुलं तिथून शिकून शिक्षक, डॉक्टर, अधिकारी झाली.

पुढे ते संविधान सभेचे सदस्य होते आणि तिथे मागासवर्गीयांच्या प्रतिनिधित्वाचा प्रश्न त्यांनी लावून धरला. १९५२ ते १९६२ या काळात केंद्रात कृषी खातं सांभाळलं. जपानी पद्धतीच्या भातशेतीचा प्रसार त्यांच्याच काळात जोरात झाला. आपल्याकडे ओळीत रोवणी करायला सांगतात, तिचा प्रचार तेव्हा देशभर झाला. १९५५ मध्ये त्यांनी भारत कृषक समाज स्थापन केला. १० एप्रिल १९६५ रोजी त्यांचं निधन झालं. पुढे १९६९ मध्ये अकोल्याला सुरू झालेल्या कृषी विद्यापीठाला त्यांचं नाव मिळालं. धानाच्या बियाण्याच्या पिशवीवर पीकेव्ही ही अक्षरं आपण वाचतो, त्यातला पी म्हणजे पंजाबराव. आपल्या बांधीपर्यंत ते असे पोचले आहेत.

आपल्या समितीचं काय?

आता परत आपल्या पालकसभेकडे येऊ. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून. त्याच्या कलम २१ नुसार शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या सदस्य महिला असतात. वंचित आणि दुर्बल घटकांतील पालकांनाही प्रमाणात जागा आहे. आपल्याकडे अध्यक्ष पालकांमधूनच निवडतात, मुख्याध्यापक सचिव असतात. शाळेचा विकास आराखडा करणं, आलेलं अनुदान कसं खर्च होतं ते पाहणं, शाळेच्या कामावर लक्ष ठेवणं हे समितीचं काम आहे.

पंजाबरावांच्या काळात जिच्या नवऱ्यालाही मत नव्हतं, त्या मजूर बाईला आज कायद्याने शाळेच्या कारभारात जागा दिली आहे. त्या जागेसाठी कर भरल्याची पावती लागत नाही, पदवीही लागत नाही. आणि आपण ती जागा गप्प बसणाऱ्याच्या नावावर लिहून मोकळे होतो. यात पालकांइतकीच चूक आम्हा शिक्षकांची आहे. सभा रोजीच्या वेळेत ठेवायची आणि पालक येत नाहीत म्हणायचं, हे बरोबर नाही. इतिवृत्त वाचून न दाखवता रजिस्टर सहीला पुढे करायचं, हेही बरोबर नाही. संध्याकाळी सात वाजता सभा ठेवून पाहा. किती रुपये आले, कशावर गेले हे फळ्यावर खडूने लिहून दाखवा. प्रश्न विचारणारी आई मागच्या रांगेतच बसलेली असते. फळ्यावरचा आकडा पाहिला की ती उभी राहते.

पालकहो, या वर्षी नाव विचारलं तर एकमेकांकडे पाहू नका. जमत असेल तर स्वतः हात वर करा. प्रश्न विचारल्याने थोडी नाराजी येईल, पण पंजाबरावांच्या वाट्याला आली त्याहून ती नक्कीच कमी असेल.

वर्गात घेण्यासारखे उपक्रम (इयत्ता ४ थी व ५ वी)

१. नकाशात पापळ ते अमरावती, अमरावती ते पुणे आणि पुणे ते एडिंबरा हा प्रवास दाखवा.
२. घरातल्या आजी-आजोबांना विचारा : तुमच्या वेळी गावातली शाळा कितवीपर्यंत होती? पुढे शिकायला कुठे जावं लागलं? उत्तरं वहीत लिहा.
३. वर्गाची छोटी निवडणूक घ्या. उमेदवाराने फक्त एवढंच सांगायचं : शाळेसाठी कोणतं एक काम करणार आणि त्यासाठी पैसा किंवा मेहनत कुठून आणणार.
४. आपल्या शाळा व्यवस्थापन समितीत किती महिला आणि किती पुरुष आहेत ते मोजा आणि चार्ट काढा.

तिसरा उपक्रम जरूर घ्या. शाळेसाठी काय करणार हे सगळी मुलं भराभर सांगतात. पैसा किंवा मेहनत कुठून आणणार, इथे मात्र ती थांबतात आणि विचार करायला लागतात. तेवढा विचार करायला लागली तरी त्या दिवसाचा पाठ झाला म्हणायचा.